परिसंवादातून दंतवैद्याचे नाव वगळण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख तथा निमंत्रक,
परिसंवाद : 'दोन अमेरिकन कादंबरीकार आणि त्यांचे वैर',
विदेशी साहित्य विभाग, जिन्यालगतची खोली.

विषय : वक्ता म्हणून छापलेले माझे नाव वगळून माझ्या पत्नीस तिचा पूर्ण तास परत मिळण्याबाबत.

संदर्भ : १) याच विषयावरील माझा पहिला अर्ज. २) त्यावर आपल्या कार्यालयाचे उत्तर : 'कार्यक्रमपत्रिका छापून झाली असल्याने आपल्या अज्ञानाची नोंद घेता येत नाही.'

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवितो की, मी दंतवैद्य आहे. दाढा काढतो, दाढा भरतो, कवळ्या बसवितो. आपली कार्यक्रमपत्रिका हाती पडेपर्यंत या दोन कादंबरीकारांपैकी एकाचेही पुस्तक मी उघडलेले नव्हते. पत्रिकेत मात्र माझा उल्लेख 'प्रख्यात समीक्षक' असा असून मला अर्धा तास दिलेला आहे. तो अर्धा तास माझ्या पत्नीच्या तासातून कापलेला आहे, आणि माझी मूळ तक्रार तीच आहे.

झाले ते असे. माझी पत्नी या विषयाची प्राध्यापिका. आपले निमंत्रण आले तेव्हा तिने स्वहस्ते उत्तर लिहिले की, 'उभयतांवर बोलण्यास आनंद वाटेल.' उभयता म्हणजे ते दोन कादंबरीकार. आपल्या कार्यालयाने ते 'उभयतांना बोलण्यास आनंद वाटेल' असे वाचले. उभयता म्हणजे आम्ही नवराबायको. आयुष्यभर 'आपण उभयतांनी अवश्य यावे' अशा पत्रिका वाचलेल्या माणसाच्या डोळ्यांना दुसरे काय दिसणार? शिवाय पत्नीचे अक्षर खरोखरच वाईट आहे. डॉक्टर मी असून औषधाची चिठ्ठी तिने लिहिल्यासारखी दिसते. तेव्हा कार्यालयास मी दोष देत नाही.

दोष मला दुसऱ्या गोष्टीला द्यायचा आहे. त्यानंतर आपल्या कार्यालयातून एका गृहस्थांचा दूरध्वनी आला व त्यांनी माझ्या कामाचे स्वरूप विचारले. मी पेशंट खुर्चीत सोडून बोलत होतो. म्हटले, सध्या मुळांवरच जास्त काम चाललंय, वरवर बघून काही कळत नाही, आत शिरावं लागतं. गृहस्थ फार प्रभावित झाले. परिणामी माझ्या भाषणाचे शीर्षक 'मुळांचा शोध' असे छापले गेले आहे. महोदय, ती मुळे दाढांची होती.

एवढ्यावर भागले असते तरी मी गप्प बसलो असतो, पण पत्रिका सासूबाईंच्या हाती लागली. त्या आमच्याकडेच असतात. लेक व्यासपीठावर बसते याचे त्यांना काही नवल उरलेले नाही. जावई बसणार म्हटल्यावर त्यांनी सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकले. मेहुणा सहकुटुंब येणार आहे. तो माझा शाळासोबती; तेव्हापासून मला भिडस्त समजतो आणि माझी व्यासपीठावर दातखीळ बसलेली बघायला तो रजा टाकून येतो आहे.

तेव्हा नाइलाजाने मी वाचायला घेतले. ज्येष्ठ कादंबरीकारांस आमच्या घरी 'थोरले' आणि कनिष्ठांस 'धाकटे' म्हणतात, जणू काही पत्नीचे दीरच. माझ्या वाट्याला धाकटे आले. आपणास ठाऊकच आहे की हे दोघे एका गावात समोरासमोर राहत आणि एकमेकांशी बोलत नसत. थोरल्यांच्या कादंबरीतला माणूस दार उघडायला शंभर पाने घेतो, असे धाकटे कुठेसे म्हणाले. थोरल्यांनी पुढच्या कादंबरीत हुबेहूब धाकट्यांसारखा एक इसम घातला आणि त्याला विहिरीत पाडला. हे वाचून मला इतका राग आला की त्या दिवशी घरी मी पत्नीशी नीट बोललो नाही, कारण तिने थोरल्यांची बाजू घेतली. ती म्हणाली, विहीर प्रतीकात्मक आहे. मी म्हटले, पडणाऱ्याला काय त्याचे.

तेव्हापासून घराचे रीतसर दोन तट पडले आहेत. सासूबाई धाकट्यांच्या बाजूने आहेत; त्यांनी वाचलेले काही नाही, पण धाकट्यांवर नेहमीच अन्याय होतो असे त्या म्हणतात. दवाखान्यातही मी विषय काढू लागलो आहे. पेशंटचे तोंड उघडे असल्याने ते विरोध करू शकत नाहीत, आणि त्यांचा 'आ' मी होकार समजत गेलो. एका निवृत्त शिक्षिकेने तोंडातला कापूस काढून टाकला, मला थोरले आवडतात असे सांगितले आणि दुसरा दंतवैद्य गाठला.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. पत्नीच्या भाषणाचे म्हणणेच असे आहे की ही दोन माणसे वेगवेगळी वाचताच येत नाहीत. एकाचे प्रत्येक पुस्तक दुसऱ्याला दिलेले उत्तर आहे. दोघांना वेगळे केले की दोघेही अर्धे राहतात. आपण नेमके तेच केले आहे. थोरले तिला, धाकटे मला. त्या भाषणासाठी तिने दोन वर्षे घातली. पत्रिका आली त्या दिवशी ती हसली, आणि मग टेबलावरचे कागद दोन गठ्ठ्यांत लावू लागली. मी म्हटले, मी नाव काढून घेतो. ती म्हणाली, "राहू दे, आई किती खूश आहे." एवढेच म्हणाली. ते मला अजून सहन होत नाही.

सबब विनंती की, माझे नाव तात्काळ वगळावे, पूर्ण तास तिला परत द्यावा आणि गरज पडल्यास मी आजारी असल्याचे जाहीर करावे. दाढ दुखते म्हणून सांगितले तरी चालेल. मेहुण्याला ते फार आवडेल. सासूबाईंची समजूत मी घालीन.

मात्र एक छोटी विनंती आहे. प्रश्नोत्तरांच्या वेळी तिसऱ्या रांगेतील एका श्रोत्यास एक प्रश्न विचारू द्यावा. धाकट्यांच्या शेवटच्या कादंबरीत एक माणूस रस्ता ओलांडून जुन्या मित्राच्या दाराशी जातो. खिडकीतून तो मित्र लिहीत बसलेला दिसतो. हा हात उचलतो आणि दार न ठोठावताच परत फिरतो. पत्नी म्हणते, हा अहंकार आहे. सगळेच समीक्षक तसे म्हणतात, हे तिने मला पुस्तके काढून दाखविले. परंतु, महोदय, ही मंडळी नेहमी दाराच्या आतल्या बाजूला बसलेली असतात. मी कित्येक वर्षे चहाचा कप घेऊन घरातल्या अशाच एका दाराबाहेर उभा राहिलो आहे. फटीतून आत माणूस कामात रंगलेला दिसतो, आपला हात वर जातो, आणि मग आपण चहा स्वतःच पिऊन टाकतो. त्यात अहंकार कुठे येतो? त्या माणसाला मित्राविषयी फार वाटते, म्हणून तो परत फिरतो. हे तिला घरी सांगायला गेलो तर विहिरीपाशीच भांडण सुरू होते. सभागृहात तिला शेवटपर्यंत ऐकून घ्यावे लागेल.

योग्य तो आदेश व्हावा.

आपला नम्र,
उभयतांपैकी एक
(दंतवैद्य)

दिनांक : परिसंवादाच्या आधीचा सोमवार

सोबत : १) पत्नीच्या मूळ उत्तराची प्रत ('वर' हे भिंग लावल्यास स्पष्ट दिसते). २) प्रश्न, एक. पाने चार.

शेरा (वेगळ्या, दुर्वाच्य अक्षरात) : अर्ज पाकिटात घालण्याआधी वाचला. तास मला पूर्ण द्यावा. प्रश्न विचारू द्यावा, चारही पाने. उत्तर माझ्याजवळ नाही. आणि दार नुसते लोटलेले असते, हे अर्जदारास कळवावे.
– उभयतांपैकी दुसरी