साहेब घरी आहेत

प्रिय ठकू,

तुझं पत्र मिळालं. आठवा सरत आला, बाळ लाथा मारतंय आणि ‘बाबा, तुम्ही नक्की येताय ना’ हे तू पुन्हा पुन्हा विचारलंयस. उत्तराला उशीर झाला म्हणून फुरंगटली असशील. रुस हवी तेवढी, पण हे शेवटपर्यंत वाच. जावईबापूंनाही नीट वाचून दाखव, नाहीतर ते अर्धवट ऐकतील आणि गावभर करतील.

मी इथे साहेबांचा स्वयंपाकी आहे, एवढंच तुला ठाऊक. ते खोटं नाही गं. रोज संध्याकाळी एका माणसाचं साग्रसंगीत जेवण करतो, टेबल मांडतो, रुमालाची घडी घालतो, आणि मग त्या खुर्चीवर मीच बसून जेवतो. कारण साहेब इथे नसतातच. ते तुझ्याच शहरात असतात, तू नोकरी करतेस त्या हॉस्पिटलपासून दोन रस्ते सोडून. तिकडे कर जबर. सीमेच्या अलीकडे, इथे, त्यांच्यासारख्यांना जवळपास माफ. अट एकच, वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस माणूस इथे राहिला पाहिजे. साहेबांना इथे करमत नाही, म्हणून त्यांच्या वतीने मी राहतो. त्यांच्या पलंगावर झोपतो, त्यांच्या न्हाणीघरात पाणी वाहवतो, खोल्याखोल्यांतून दिवे लावत फिरतो. उन्हं कलली की त्यांचा लांब कोट आणि टोपी घालून बागेत फेऱ्या मारतो. अंगापिंडाने आम्ही सारखे, त्यामुळे रस्त्यावरून बघणाऱ्याला साहेबच दिसतात. कुणाचा फोन आला तर म्हणायचं, साहेब घरी आहेत, अंघोळीला गेलेत. एवढ्या अंघोळी खरंच केल्या असत्या तर माणूस विरघळला असता!

सुरुवातीला मजा वाटली, खोटं कशाला बोलू. मऊ गादी, आयतं घर, विचारणारं कुणी नाही. मग तुझं लग्न ठरलं. मी सुट्टी मागितली तेव्हा कळलं की बाहेर राहायचे दिवस साहेबांनी तिकडे उघडपणे वापरून संपवलेत; आता मी निघालो तर साहेबही ‘निघाले’ असं होतं, आणि त्यांना ते परवडत नाही. एवढा पैसेवाला माणूस, पण माझे चार दिवस त्याला परवडेनात. तुझ्या लग्नाच्या दिवशी मी त्या बागेत कोट घालून गोल गोल फिरत होतो. घाण्याच्या बैलाच्या फेऱ्यांनी निदान तेल तरी निघतं.

माझा पगार साहेबांच्या तिकडच्या कंपनीतून येतो, म्हणून माझा कर मात्र तिकडे, आणि तो कापूनच उरलेलं हातात पडतं. तुझ्या वॉर्डात एका खाटेवर दोन बाळंतिणी निजवाव्या लागतात, असं तू मागे लिहिलं होतंस. ते मी साहेबांच्या पलंगावर बसून वाचलं. चौघीजणी ऐसपैस मावतील एवढा पलंग आहे गं तो. आणि त्याच वॉर्डात आता तू बाळंत होणार. तेव्हापासून मी खाली सतरंजीवर निजतो, सकाळी उशी तेवढी चुरगाळून ठेवतो.

गेल्या आठवड्यात तिकडच्या कर खात्यातली एक बाई आली. आधी गल्लीत चौकशी करून आली होती. शेजारच्या माळ्याने तिला मोठ्या कौतुकाने सांगितलं, साहेब फार भला माणूस, रोज कुंपणापाशी थांबून माझ्या गुडघ्याची विचारपूस करतात, कचऱ्याच्या गाडीवाल्यालाही हात करतात. झालं! तिने साहेबांना पाहिलेलं होतं. गाडीचं दार उघडणाऱ्याकडेही तो माणूस मान वर करून बघत नाही. कोट जमला, चाल जमली, आणि तुझ्या बापाची बोलघेवडी खोड नडली. आई असती तर पोट धरून हसली असती.

लगोलग साहेबांचे वकील आले. चहा मीच करून दिला. फार गोड बोलतात. उद्या ती बाई माझा जबाब घेणार आहे. साहेब इथेच राहतात असं म्हणालो तर पगार वाढेल, पण वर्षभर इथून हलायचं नाही, कारण आता नजर आहे. खरं सांगितलं तर साहेब म्हणणार, मी कुठे सांगितलं होतं याला माझ्या पलंगावर झोपायला, माझा कोट घालायला? सगळं तोंडीच होतं ना. म्हणजे इतके दिवस मी त्यांचं घर बळकावलं, अन्न चोरलं. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

म्हणून हे पत्र, आजच. उद्यानंतर तुझ्या कानावर काहीबाही येईल, बापाचं नाव चोर म्हणूनही येईल. त्याआधी माझ्याकडून ऐकलेलं बरं. बाळंतपणाला मी पोहोचेन की पोलीस ठाण्यात बसलेला असेन, मला माहीत नाही. मला भीती वाटतेय, ठकू. पण खोटं बोललो तरी तुझ्याजवळ नसेनच. साहेबांचा कोट खुंटीला टांगलाय आणि कोपरावर विरलेला माझा स्वेटर काढून ठेवलाय. बाई विचारेल, साहेब घरी आहेत का. मी सांगणार आहे, नाहीत. इथे मी राहतो.

तुझाच, कुणी काहीही म्हणो,
बाबा