न आटणारा तांब्या

अहो,

सिंदीचा कार्यक्रम परवा पार पडला, तरी माझा जीव काही जागेवर नाही. चूल पेटवते आणि विसरते. अंगणात जाते, परत आत येते. तुम्ही समोर असतात तर भांडून मोकळी झाले असते. आता भांडायला कागदाशिवाय काय उरलं?

तुमच्या पितळी तांब्यानं छळलं मला. कितीही वेळा रिकामा केला तरी पुन्हा पाणी द्यायचा, तोच.

सिंदीच्या शाळेतून फोन आला. स्नेहसंमेलनात तुमची आठवण म्हणून तुमच्या जादूच्या वस्तू टेबलावर मांडायच्या होत्या. ऑफिसातून सुटी काढून दरवर्षी तिथं खेळ दाखवायला जायचात, ते त्यांनी लक्षात ठेवलं. मी ट्रंक उघडली. तांब्यात पाणी भरून ओतलं, तर सगळं एकदम भसकन बाहेर आलं आणि आत काहीतरी खडखडलं. बॅटरी लावून पाहिलं. तोंडापासून आत जाणारी पितळी नळी सांध्याची झाळ सुटून लोंबकळत होती.

लेकीला फोन केला. मनीषा म्हणाली, "आई, टेबलावर तं ठेवाचा आहे. पाणी भरून कोण पाहून राह्यलं?"

खरं होतं तिचं. पण मोडका तांब्या तुमच्या नावानं मांडायचा? मला चैन पडेना.

नागपूरच्या एका म्हाताऱ्या जादूगाराकडून तुम्ही तो आणलात, तेव्हाच तो जुना होता. असे आता कुणी घडवत नाही, म्हणायचात. आपलं लग्न नुकतंच झालं होतं. मी विचारलं, "यात पाणी येतं कुठून?" तुम्ही म्हणालात, "सुमन, हे बायकोलेही सांगत नसतात." मी हसले. वाटलं, सांगतील पुढं कधीतरी. मग तळेगाव झालं, सिंदी झालं, किती गावं झाली. तुमच्या शेजारी बादली धरून मी उभी. पडदा मी शिवला, रुमाल मी धुतले. तेवढं एक मात्र माझ्या वाट्याला आलं नाही. काऊन हो? मी कुणाला सांगणार होते?

बाजारात रामभाऊंकडे गेले. आपली सगळी भांडी तेच दुरुस्त करतात. त्यांनी नळी बाहेर काढली, तांब्या उजेडात फिरवला.

"वहिनी, नळी झाळून देतो. पण इथं दोन छेद आहेत. एक नळीच्या बुडाले, एक बाहेरून काठाखाली. मुद्दाम केले आहेत का झिजून पडले? बुजवून टाकू का?"

हो म्हणावं आणि जादू त्या छेदांतच असली, तर तांब्या कायमचा गेला. नाही म्हणावं आणि तो चारचौघांत गळला तर?

"विचारून सांगते," तोंडातून निघून गेलं.

रामभाऊंनी तांब्या खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "आता कोणाले इचारता, वहिनी?"

नळी पिशवीत घालून तांब्या घरी आणला. नालवाडीतल्या घरापर्यंतच्या वाटेत तुमच्यावर इतकी चिडले होते की ओळखीची माणसं समोरून गेली, तरी दिसली नाहीत. अंगणात उभी राहून तो तुमच्यासारखा हातात धरून पाहिला. उजवा हात गळ्याभोवती, कोपर किंचित वर. अंगठा आपसूक काठाखालच्या छेदावर बसला.

ओतताना तुमचा अंगठा तिथंच असायचा. तांब्या खाली ठेवला की अंगठा उचलायचात. इतकी वर्षं मी ते पाहत आले होते. छेद दाबला की फक्त नळीतलं पाणी बाहेर पडतं. सोडला की हवा आत शिरते आणि पोटात नळीभोवती राहिलेलं पाणी बुडाच्या छेदातून नळीत चढतं. एवढंच. एका अंगठ्याएवढं गुपित, आणि तेवढंही मला दिलं नाहीत?

दुसऱ्या दिवशी रामभाऊंना सांगितलं, दोन्ही छेद राहू द्या. पहिली झाळ गळली, त्यांनी खरवडून पुन्हा दिली. मग थेंबही सुटला नाही.

आणि शाळेत मी तो टेबलावर ठेवलाच नाही. पोरांसमोर उभी राहिले. पहिल्यांदा अंगठा घसरला, बरंच पाणी लुगड्यावर सांडलं, पोरं हसली. तांब्या पुन्हा काठोकाठ भरला. ओतला, उलटा करून दाखवला, खाली ठेवला. चार वाक्यं बोलले. उचलला, तर धार लागली. सगळी शाळा ओरडली. मी नकळत बाजूला पाहिलं. सोबत आलेली मनीषा बादली धरून उभी होती, तोंड उघडं, डोळे लहानपणीसारखे.

तुम्हीसुद्धा शेवटची धार ओतताना पोरांकडे नाही, माझ्याकडे पाहायचात. माझा असा चेहरा पाहायला लपवलंत का? की विश्वास नव्हता? दोन्हींपैकी काय, ते आता कोण सांगणार?

परतताना बसमध्ये मनीषा म्हणाली, "आई, पाणी आलं कुठून वं?" तुमचंच वाक्य माझ्या ओठांवर आलं. ते गिळलं आणि तिकिटाचे पैसे मोजायला लागले.

पण ऐका. येत्या रविवारी ती आली की मी तिला सगळं सांगणार आहे. तिचा अंगठा धरून छेदावर ठेवणार आहे. तो चेहरा मग पुन्हा दिसायचा नाही, ठाऊक आहे मला. तुम्ही रागावलात तरी चालेल. माझ्यामागं माझ्या लेकीनं माझ्याशी असं कागदावर भांडत बसू नये.

तुमची,
सुमन