आय कम

कळमनुरी, २००६. गुरुवार, संध्याकाळ.

डोकं अजून तडतडतंय. नेट कॅफेतून निघताना इंग्रजी शिकायच्या त्या फोरमवर मी सगळ्यांना लिहिलं, ‘ओके फ्रेंड्स, आय कम.’ आपण निघताना ‘येते’ म्हणतो, तेच. मी खुर्चीतून उठायच्या आत सगळे खिदळत सुटले. कुठं येतेस? जेवायला का?

परदेशातल्यांचं सोडा, त्यांना काय कळणार. पण त्याच फोरमवरचा तो पुण्याचा? रोज सकाळी आईला ‘येतो’ म्हणूनच बाहेर पडत असेल ना मेला? त्याला बराबर कळलं होतं. तरी त्यानं इंग्रजीत लिहिलं, हे आमच्याकडचं खेड्यातलं इंग्लिश, माफ करा. माझ्यासाठी माफी मागणारा हा कोण?

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, “काहून जीव जाळून राहिलीस? निघताना येतेच म्हणावं. जाते म्हणू न्हाई, जाते म्हणणारं माणूस परत येत न्हाई.”

व्हय. मग उद्या त्या फोरमवर एकच ओळ लिहीन, ‘आय ॲम गोइंग.’ व्याकरण बिनचूक. आणि आईच्या मराठीतही बिनचूक.