दुसरा शब्द

दि. ४ जून

चि. ढब्बूस, अ. उ. आशीर्वाद.

पैसे पोचले. एकवीस तारखेला डोळ्याचं ऑपरेशन. उशीर झाला तर उरलीसुरली नजरही जाईल, असं डॉक्टर म्हणतात. तुझी आई खूश आहे. मी मात्र भिंग लावून तुझं पत्र तीनदा वाचलं. दोन महिने जादा पाळ्या केल्यास म्हणतोस. एरवी जादा पाळीनंतर ग्राइंडरने तुझे हात इतके थरथरतात की ओळ पार घसरते. या वेळी अक्षर कसं मोत्यासारखं!

तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. ‘अर्न’ आणि ‘विन’मध्ये पोरं गोंधळली की सांगायचो, पहिल्यात आपला घाम जातो, दुसऱ्यात दुसऱ्या कुणाच्या तरी घरचं जातं. आपण नुसतं ‘पैसे मिळाले’ म्हणतो आणि दोन्हींवर पांघरूण घालतो. तुझा शब्द कुठला? उत्तर येईपर्यंत पाकीट कपाटात राहील.

लोभ आहे, तसाच राहील.

— बाबा

दि. ९ जून

तीर्थरूप बाबांस, शि. सा. न.

तुमच्यापासून काही लपत नाही, एका डोळ्यानेसुद्धा. दुसरा शब्द. कारखान्यातल्या क्रेनवाल्याकडून पत्त्यांत जिंकले. रविवारी ज्याच्या घरी जेवतो, तोच. त्याने सगळा पगार लावला तेव्हा मी उठायला हवं होतं. तुमचा डोळा आठवला आणि बसून राहिलो. आता तो हसून बोलतो, पण जेवायला बोलावत नाही.

मला लाज वाटते, बाबा. पण तुम्हांला दिसेनासं होईल याची भीती जास्त वाटते. पाया पडतो, आधी ऑपरेशन करा, मग हवं ते बोला.

रागावलात तरी पत्र बंद करू नका.

— ढब्बू

दि. १४ जून

चि. ढब्बूस, अ. उ. आशीर्वाद.

ओळी वाकड्या झाल्यात, चालवून घे. पाकीट आज क्रेनवाल्याच्या नावे तुझ्या कारखान्याच्या पत्त्यावर रवाना केलं. आईने अबोला धरलाय. डॉक्टर महिनाभर थांबायला तयार आहेत. डोळा थांबेल की नाही, ते मात्र सांगत नाहीत. मलाही भीती वाटते, तुझ्याशी कशाला खोटं बोलू?

आता खरोखर जादा पाळ्या धर. आणि पत्र बॉलपेनने चांगलं दाबून लिही. तोवर नजर राहिली नाही, तर कागदावर बोट फिरवून बघेन, ओळ थरथरते का ते.

लोभ वाढला आहे.

— बाबा