आठ दिवस येऊ नको

मालेगाव (जहाँगीर), जि. वाशीम
८ डिसेंबर २०२५

चिरंजीव सुचिता,

तुया आजीचे, गिरजाबाईचे, अनेक आशीर्वाद. इकडं सगळं ठीक. मेथी बरी निघाली, वांग्याले भाव नाई, अन् मी आहे तशीच आहे, जिभेसकट. लिहून राह्यली तुयी चुलतबहीण तनुजा. म्हणते, "आजी, हळू सांग." मी म्हटलं, तूच लवकर लिही, मले ऐंशी झाले.

फोन काहून नाई केला म्हणशील. फोनवर तू "आजी, साइटवर आहे" म्हणशील अन् ठेवून देशील. कागद असा ठेवता येत नाई.

मागच्या आठवड्यात मुकेशनं, तुया काकानं, मले तिकडं समुद्राकाठी तुयं काम दाखवाले नेलं, तवापासून माया डोक्यात तेच. बापा बापा, ते मशीन! आपल्या गल्लीएवढा लांब सिमिटाचा तुकडा उचलते, चालत जाते अन् दोन खांबांवर अलगद ठेवते, जशी मी डोक्यावरची पाटी उतरवतो. मी हातच जोडले. तुया संगची इंजिनेर बाई म्हणे, "आजी, यावरून बुलेट गाडी तासाले तीनशे किलोमीटर जाईन." मी म्हटलं, वाशीमले जाता जाता एसटीत मायी एक झोप होते, तुया गाडीत डोळाबी लागाचा नाई.

पण त्याच्याहून मोठं मी दुसरंच पायलं. सिमिट घेऊन गरगर फिरणाऱ्या सात गाड्या उभ्या. शंभरेक माणूस खोळंबलेला. अन् तू, पाटात बेडूक दिसला तर बोंबलत पळणारी, सळयांच्या पिंजऱ्याखाली पालथी पडून टॉर्च मारून राह्यली. हात घालून तू एक गोटा काढला. मग दुसरा. मग ओंजळभर. सळई साच्याले टेकू नये म्हणून तिच्याखाली मापाचे ठोकळे ठेवा लागतात, नाईतर खाऱ्या हवेनं ती आतून सडते, हे मले त्या बाईनं सांगतलं. ठोकळ्यांच्या जागी गिट्टी होती. तू उठली, कपडे झटकले, म्हणाली, "हे सगळं सोडा. नव्यानं बांधा." ओरडली नाई. साती गाड्या वापस गेल्या.

सरकार मी आजवर टेबलामागं बसलेलंच पायलं होतं. त्या दिवशी त्याच्या गुडघ्याले चिखल होता, अन् तोंड माया नातीचं.

मग तू विचारलं, "पिंजरा बांधणारी टोळी कोणाची?" तुले ठाऊक होती. तरी विचारलं, अन् वहीत लिहिलं: मुकेश.

मले घरी सोडाले येताना तो रडला. मी उगी राय म्हटलं नाई. काहून, ते सांगतो. तनुजा, बापाचं आहे म्हणून गाळू नको, लिही. चाळीस वर्ष मी मालेगावच्या बाजारात कोवळी वांगी वर मांडली, किडकी खाली. पाटी भरून द्यायचा तो मुकेश. जितकी बेमालूम भरली तितकी मी त्याची पाठ थोपटली.

आता ज्याच्यासाठी बसली ते. काल मुकेश म्हणे, "माय, पिंजरा अजून तसाच आहे. सोडून नव्यानं बांधा लागला तर मायी टोळी काढून टाकतील. तू बिमार आहे असा सुचिताले फोन करतो. ती आठ दिवस इकडं राहीन. तिच्या जागी येणारा सायेब एवढा वाकत नाई." मी फक्त खाटेवर पडून कण्हाचं. अन् मी हो म्हटलं. हो, म्हटलं! पोटचा आहे तो.

आज सकाळी मेथी निवडता निवडता हातच थांबला. त्या गाडीत लेकुरवाळ्या बाया बसतील, डबे उघडून जेवतील. खाली कोणी पालथं पडून पायलं होतं का नाई, त्याईले कधीच समजाचं नाई.

म्हणून सांगतो. फोन आला तर येऊ नको. मी शेवटची घटका मोजून राह्यली म्हटलं, तरी येऊ नको.

तनुजानं पेन खाली ठेवला. म्हणते, "अन् खरंच तसं झालं तर, आजी?"

बरोबर विचारते पोरगी. ह्या वयात खोटी बिमारी आठ दिवसांत खरी व्हाले वेळ लागत नाई. तरी नको येऊ. पिंजरा नव्यानं बांधू दे, तू त्याच्याखाली जा, सही कर, मग ये. मी असली तर भाकर टाकीन. नसली तर आधी मुकेशले जवळ घेजो. त्याले हे मीच शिकवलं होतं.

राजीखुशीनं, पुऱ्या शुद्धीत, अन् आज तरी ठणठणीत असताना देला,
गिरजाबाईच्या डाव्या हाताचा अंगठा