धानोऱ्यात न पिटलेली दवंडी

मी, मगन दोधू पाटील, वय अदमासे एकाहत्तर, धंदा शेती, राहणार धानोरा, तालुका नंदुरबार, जिल्हा पश्चिम खानदेश, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके शाबूत आहे. बाकी सगळा थकलो आहे.

१. घर व विहिरीजवळची जमीन मुलगा शांतीलाल यास. पत्नी नर्मदाबाई असेतो घरात तिचा शब्द चालेल. शांतीलालने तिच्यापुढे आवाज चढवू नये; ती खोड त्याने माझीच उचलली आहे.

२. मात्र ताबा घेण्याआधी त्याने चावडीवर दवंडी पिटवावी, की रतिलाल कोर्टात खरे बोलला होता आणि मगन पाटील खोटे.

सन १९३२ च्या मार्गशीर्षात मी गावचा पोलीस पाटील होतो. जमावबंदीचा हुकूम आला. तो पागोट्यात खोचून मी सारंगखेड्याच्या यात्रेला घोडी घ्यायला गेलो; म्हटले, परत आल्यावर दवंडी पिटू. दुसऱ्या दिवशी चावडीसमोर सभा भरली आणि माझा चुलतभाऊ रतिलाल पकडला गेला. फौजदाराने आदल्या दिवशीची तारीख घालून दवंडी पिटल्याचे लिहून मागितले. मी सही केली. दवंडीशिवाय हुकूम रयतेला लागू नाही, एवढा एकच लगाम सरकारच्या तोंडात होता. तो मी काढून दिला.

कोर्टात रतिलालने विचारले, "आबा, दवंडी कव्हय पिटी? आम्हले ते ऐकू उनी नही." मी खाली बघून "पिटली" म्हणालो. त्याला खोटा ठरवून सहा महिने दिले. तुरुंगातून खोकला घेऊन आला आणि दोन वर्षांत गेला. गावाला सगळे ठाऊक होते, पण पाटील मी होतो.

त्याची विधवा भिकुबाई एकदाच म्हणाली, "आबा, मन्हा माणूस खोटा नव्हता, इतलं चार लोकेसमा सांगा." माझी छाती झाली नाही.

३. त्या सहीबद्दल मला मिळालेले सरकारी शाबासकीचे पत्र भिकुबाईस द्यावे. तिने त्यावर चूल पेटवली तरी हरकत नाही.

४. घोडी म्हातारी झाली आहे, विकू नये. तिचा काही दोष नव्हता.

५. गावात दवंडीचा ढोल वाजवणारा भटू यास काही द्यायचे होते. पण साक्षीदाराला देणगी चालत नाही, असे कळले. कायदा इथे मात्र अडला.

धानोरा, ता. १४ फेब्रुवारी १९४५
सही: मगन दोधू पाटील

साक्षीदार: १. चुनीलाल नथू वाणी, सही. २. भटू गोवाल, डाव्या हाताचा अंगठा.

ता. क. भटूला सर्व वाचून दाखवले. अंगठा पुसत म्हणाला, "आबा, ढोल घरमाच शे. मराले कसाले थांबतस?" तो ढोल आणायला गेला आहे. चावडीपर्यंत मी काठी टेकीत जाईन.