बाबांकडून आल्यावरची मीठमोहरी

रविवार, ५ एप्रिल २०२६

ऋतिकाबरोबर तिच्या बाबांकडून आलं — सँडल एक जोड, रु. ४९९ (लेबल तसंच ठेवलंय, आम्ही वाचावं म्हणून!). द्राक्षं अर्धा किलो, साठाची तरी असतील. शिवाय पोटदुखी. तिची किंमत कोण लावणार?

अपेक्षाचा आणि दिग्विजयरावांचा घटस्फोट होऊन सहा महिने झाले. लेक आणि नात आमच्याकडे विश्रांतवाडीला, जावई खडकवासल्याकडे खोली घेऊन. कोर्टाने ठरवून दिलंय — एक आड एक शनिवारी न्यायचं, रविवारी संध्याकाळी आणून सोडायचं. ते पार्किंगमधूनच परत फिरतात. बरंच आहे.

पोर आली की मी आधी दारातच तिच्यावरून मीठमोहरी उतरवते. आल्यागेल्याची, तिकडच्या घरची, पाप्या-चांडाळाची… आठ वर्षांचं लेकरू, दोन घरांत हेलपाटे. दृष्ट लागायचीच. आज मोहरी कसली तडतडली! 'बघ, केवढी लागली होती,' म्हटलं. पोर पोट धरून बसली. जेवलीच नाही.

हे म्हणाले, 'थोडी मोहरी फोडणीलाही ठेवा.' यांना सगळ्याची चेष्टा!

बुधवार, ८ एप्रिल

वकील म्हणाले, 'मुलगी तिकडून आली की आजारी पडते ना? अर्ज टाकू. भेटी बंद होतील.' अपेक्षा म्हणाली, विचार करते. मी म्हटलं, विचार कसला? टाक.

शुक्रवार, १७ एप्रिल

उद्या बाबांकडे जायचं, तर आजपासूनच पोट धरलंय. ओवा दिला. उपयोग नाही.

रविवार, १९ एप्रिल

पोरीला सोडताना दिग्विजयराव खाली अपेक्षाला म्हणाले — 'माझ्याकडे तिचं पोट एकदाही दुखलं नाही. पण हल्ली ती माझ्याजवळ बसत नाही. मी काय केलंय, तेवढं सांग.'

अपेक्षा वर येऊन रडली. उद्या अर्जावर सही करायची होती. आता म्हणते, आधी पोरीला कोर्टातल्या समुपदेशक बाईंना दाखवते. मी रागावले. बापाच्या एका वाक्याने विरघळली!

गुरुवार, २३ एप्रिल

आज कोर्टात गेलो होतो.

समुपदेशक बाईंनी ऋतिकाला एकटीला आत नेलं. मग आम्हाला बोलावलं. 'मला सांगितलंस ते आजीला सांगशील?'

पोर माझ्याकडे न बघता म्हणाली, 'मी बाबांना मिठी मारली की आजीला कळतं. मग मोहरी जास्त वाजते.'

म्हणून हिने मिठीच मारायची सोडली! 'नुसतं मांडीवर डोकं ठेवलं, तरी वाजली,' म्हणाली. आणि पापी-चांडाळ कोण, ते तिचं तिनेच ठरवलं होतं.

देवा!

बाई ओरडल्या नाहीत. 'काकू, तुम्ही मायेनेच केलंत. पण आपण तिकडून काहीतरी वाईट घेऊन येतो, असं तिला वाटतंय. आल्यावर एवढंच विचारा — भूक लागलीय का?' मी विचारलं, तुमची फी? हसल्या. 'सरकार देतं.' देव त्यांना उदंड आयुष्य देवो. इतकं मोलाचं फुकट मला कोणी दिलेलं नाही.

अपेक्षाने तिथूनच वकिलांना फोन लावला. 'अर्ज नको.' रिक्षात मला म्हणाली, 'आई, नवरा मी सोडला. बाप तिने कशाला सोडायचा?'

मी पोरीचा हात धरून बसले.

सोमवार, २७ एप्रिल

एकादशी. देवापुढे बसले, पण मागणं सुचेना. वेळेवर दाखवलंस — एवढंच म्हटलं.

शनिवार, २ मे

दिग्विजयराव न्यायला आले. गॅलरीतून हाक मारली — 'अहो, वर या!' दोनदा मारावी लागली. खरं वाटेना त्यांना.

बापलेकीला शेजारी शेजारी बसवलं. मीठमोहरीची मूठ भरली.

'आई, मला कोणाची नजर लागणार? ही ढेरी बघा.'

'बसा गप्प.'

तिकडचं-इकडचं काही नाही, पापी नाही, चांडाळ नाही. 'माझ्या लेकरांना सुखी ठेव,' एवढंच.

मोहरी तडतडली. ऋतिका टुणकन उठली. 'अगं आजी, बाबांची तर केवढी वाजली!'

'तवा तापला की मोहरी वाजतेच गं.'

आतून यांचं खोकत हसणं ऐकू आलं. हसोत!

पोरीने बापाच्या गळ्यात हात टाकले — आधी माझ्याकडे बघत. मी हसले. मग तिने डोळे मिटून घेतले. दिग्विजयराव मान वळवून भिंतीकडे बघत राहिले. अपेक्षाने पाणी आणून ठेवलं.

रविवार, ३ मे

विचारलं, 'भूक लागलीय का?' दोन पोळ्या गुळांब्याबरोबर. तिसरी मागितली!

शुक्रवार, ८ मे

विहीणबाईंना लातूरकडे कार्ड टाकलं. फोनवर त्यांना ऐकू येत नाही. लिहिलं ते असं —

'द्वारकाबाईंस सप्रेम नमस्कार. ऋतिकाला सुट्टीत तुमच्याकडे राहायचं आहे. दिग्विजयरावांना रजा नाही, म्हणून अपेक्षा स्वतः तिला पोचवायला येते म्हणते. एक रात्र मुक्काम करावा लागेल. आता ती तुमची सून नाही. लेकराची आई म्हणून तिला घरात घ्याल का? उलट टपाली कळवावे.'